ठमीच्या तोंडावरची काव

बसा भाऊ, बसा. ती गोणी सरकवा तिकडं, रिकामीच हाय. चहा सांगितलाय, तो येईस्तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. दुसऱ्याची फजिती सगळेच सांगत्यात, मी माझी सांगणार हाय. फक्त मधी बोलू नका. मी एकदा थांबलो की पुन्हा कुठनं धरायचं ते मला गावत नाय.

मी वाल्मीक. पंचवटीच्या भाजी बाजारात तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या. शाळा चौथी, तीबी मास्तरांनी कंटाळून पुढं ढकलली म्हणून. पण ह्या गल्लीत मला हमाल म्हणून कोण वळखत नाय. नागीणवाला म्हणून वळखत्यात. नागीण म्हंजे ती सरपटती नव्हं, अंगावर फोडांची रांग उठती ती. अशी आग व्हती की भला माणूस सदरा काढून रडतो. आमच्या आज्यापासून ती उतरवायची रीत हाय. काव उगाळायची, ती लाल माती हो, आन फोडांवर लेप द्यायचा, भोवतीनं रेघ वढायची. त्याचे नियम दोन. पाच दिवस पाणी लावायचं नाय. आन ज्यानं काव लावली त्यानंच ती पुसायची. दुसऱ्याचा हात लागला तर नागीण उलटती म्हणत्यात. मी कधी उलटलेली बगितली नाय, पण पुसायचीबी कोणाची छाती झाली नाय.

तर दोन वर्षांमागं माझ्या योगेशला पोरगी झाली. योगेश अंबडला कंपनीत हाय. त्याची बायको हर्षाली, हरसूलकडची. बारावी शिकलेली, बोलती कमी, पण बोलली की नेमकं बोलती. पोरीचं नाव ठेवलं अंजली, पण घरात सगळे ठमीच म्हणत्यात. पोरगी सगळी आईच्या अंगावरच्या दुधावर. दोन महिने अशी गुटगुटीत, की मी बाजारातनं आलो की आधी पाय धुवायचो, ठमीला घ्यायचो, आन मंगच भाकरीकडं बगायचो.

तिसरा महिना लागला आन काय झालं कुणास ठाऊक. आधी ओठांच्या कडंला लाल दिसायला लागलं. मंग तोंडाभोवती खपल्या. मंग लंगोटाच्या जागंला, मंग हातापायाच्या बोटांना. कातडी सोलल्यावानी. शी पातळ. केस उशीला चिटकून यायला लागले. आन रडणं तर असलं, भुकेचं नव्हं, झोपेचं नव्हं, नुस्ती दिवसभर किरकिर. हर्षाली तिला घेऊन घरात फेऱ्या मारायची. मारता मारता उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची.

माझी बायको लंकाबाई एक दिवस म्हणाली, "आवं, जगाची नागीण उतरवता, आन घरच्या लेकराकडं बगायला फुरसत नाय व्हय?"

मी ठमीला उजेडात घेतलं. आता इथं नीट ऐका भाऊ, कारण माझी चोरी इथंच हाय. मी तीस वर्षं नागीण बगतोय. ती माणसाच्या एकाच अंगाला उठती. डावीकडं नायतर उजवीकडं. मधली रेघ ती सहसा वलांडत नाय. आन ठमीचं तर दोन्हीकडं सारखं. डाव्या गालाला तेवढंच, उजव्या गालाला तेवढंच. माझ्या मनानं तवाच सांगितलं, वाल्मीक, ही नागीण नव्हं.

पण दारात शेजारची नवसाबाई उभी. तिच्यासंगं आणिक दोघी-तिघी. नवसाबाई म्हंजे आमच्या गल्लीचा पेपर हाय. सकाळी छापती, सांजेपर्यंत घरोघर वाटती.

"काय वाल्मीकभाऊ," ती म्हणती, "तुमच्याच घरात शिरली का काय नागीण? का आता वळखू येईना?"

आता सगळ्या बाया माझ्या हाताकडं बगत्यात. तिथं 'मला कळंना बुवा' म्हणायचं, एवढे तीन शब्द. जिभंवर आलेच नाय. मी म्हणालो, "नागीणच हाय." आन काव उगाळायला बसलो.

तोंडाभोवती लेप दिला, बोटांना दिला, खाली दिला. ठमी लाल मातीच्या बाहुलीवानी दिसायला लागली. एवढ्यावर गप बसावं की नाय? नाय. नवसाबाईनं इचारलं, "पण एवढ्याशा लेकराला झाली कशापायी?" आन मी, ज्याला काय ठाऊक नाय असा माणूस, न्यायाधीशावानी बोललो, "आईचं दूध उष्ण पडलंय. गरम खाल्लं असंल. पाच दिवस अंगावर पाजू नका, गाईचं पाजा."

हर्षाली म्हणाली, "आबा, मी मम्मींनी दिलेलंच खाते. भाकरी, मेथी, डिंकाचा लाडू."

लंकाबाई भडकली, "म्हंजे मी खाऊ घातलं त्याच्यानं झालं व्हय?"

"तसं नाय म्हणाले मी मम्मी."

"मंग कसं म्हणालीस?"

झालं. दोघीत जुंपली, आन मी कावेची वाटी धुवून मोकळा.

पुढचे दिवस ऐका. गाईच्या दुधात पाणी घालून वाटी-चमच्यानं पाजायचं. ठमी निम्मं सांडायची, निम्मं ओकायची. शी आणिकच पातळ झाली. हर्षालीची छाती भरून दगडावानी घट्ट व्हायची. दुखायचं तिला, ताप येतो तसं अंग गरम. मंग ती मोरीत बसून दूध पिळून टाकायची. इकडं पोरगी रडती, तिकडं दूध मोरीतनं वाहून जातंय. मी बाहेर खाटंवर बसून ऐकतोय, आन तरी म्हणत नाय की जाऊ दे, पाज.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंनी ठमीला वजनाला घातली. मागल्या महिन्यापेक्षा पाव किलो कमी भरली. ह्या वयात लेकराचं वजन वाढतं भाऊ, उतरत नाय. बाईंनी माझ्याकडं नुस्तं बगितलं आन वहीत लिहिलं. हर्षालीनं तो आकडा वाचला.

चौथ्या दिवशी मी बाजारात टमाट्याच्या गाडीवर व्हतो, तवा फोन वाजला.

"आबा, मी हर्षाली बोलते. ठमीला दवाखान्यात आणलंय."

"कोणाला इचारून?"

"कोणाला नाही. मम्मी मागनं रिक्षानं आल्या, इथंच आहेत. डॉक्टर काव धुवायला सांगतायत. मम्मी कोणाला हात लावू देत नाहीत, म्हणतात ज्यानं लावली त्यानंच पुसायची. तुम्ही या."

"पाच दिवस झाले नाय अजून."

"आबा," ती म्हणाली, "ती आता रडत पण नाही."

माझ्या हातातलं क्रेट खाली ठेवलं. गोटीराम माझा जोडीदार, त्याच्याकडं स्कूटर हाय. त्याला म्हणालो, चल. रस्त्यानं सगळं सांगितलं, तर तो गडी मागं मान वळवून म्हणतो, "सरकारी शिक्का हाय व्हय तुझा, दुसऱ्यानं पुसला तर गुन्हा?"

"तू पुढं बग," मी म्हणालो.

दवाखाना नदीच्या अलीकडंच हाय, गल्लीत. लहान लेकरांची डॉक्टरीण, निकिता मॅडम. आमच्या योगेशपेक्षा लहान. मी मनात म्हणलं, ही मला शिकवणार. रागातच आत शिरलो. बाकड्यावर लंकाबाई ठमीला पदराखाली धरून बसलेली, जसं कोण चोरून नेणार हाय.

मॅडम म्हणाली, "आबा, काव तुम्हीच लावलीत ना? मग तुम्हीच पुसा. तुमचा नियम मी मोडत नाही. पण मला खालची कातडी बघायचीये, आणि आत्ता बघायचीये."

"उद्या पाच दिवस व्हत्यात. मंग बगा."

ती उठली, लंकाबाईचा पदर बाजूला केला. "तुम्ही तिच्याकडे बघा. आणि तुम्हीच सांगा मला, उद्यापर्यंत थांबू?"

मी बगितलं. भाऊ, रोज बगत व्हतो, पण बगत नव्हतो. डोळे आत गेलेले, मानेला वळकट्या नुस्त्या कातडीच्या. मला बगितलं की जी पाय झाडायची, ती माझ्याकडं बगून न बगितल्यावानी.

मी म्हणालो, "कोमट पाणी द्या."

नर्सबाईनं पाणी दिलं, कापूस दिला. हर्षालीनं मांडीवर घेतली आन मी पुसायला लागलो. गोण्या वाहिलेले हात हे, खरबरीत. बोट कातडीला लागू नये म्हणून जीव मुठीत धरून पुसत व्हतो. एक एक बोट. एवढाली बोटं ती, शेवग्याच्या फुलावानी. पाणी लाल, मंग गुलाबी, मंग स्वच्छ. आन खालनं जे निघालं, ते सगळ्यांनी बगितलं. तोंडाभोवती घोड्याच्या नालाच्या आकाराचं, दोन्ही गालांना सारखं. खाली दोन्ही मांड्यांना सारखं. हातांना सारखं.

मॅडम म्हणाली, "तीस वर्षं नागीण बघताय म्हणे. ही नागीण आहे?"

"नाय."

"का नाही?"

"नागीण एका अंगाला असती."

"अगदी बरोबर. हे मला कॉलेजात शिकवलं, तुम्हाला अनुभवानं कळलं." मंग ती हळूच म्हणाली, "मग त्या दिवशी दिसलं नव्हतं?"

मी खाली बगून म्हणालो, "दिसलं व्हतं."

लंकाबाई उभीच राहिली. "दिसलं व्हतं? आन मंग लावली कशापायी?"

"नवसाबाई बगत व्हती," मी म्हणालो.

कोणी हसलं नाय. गोटीराम दारात उभा व्हता, तोबी नाय हसला.

मॅडमनं पोरीचे केस बगितले, नखं बगितली, शी कशी व्हती ते इचारलं. म्हणाली, "तोंडाभोवती, लंगोटाच्या जागेला आणि बोटांवर, वर जुलाब आणि केस जाणं. हे सगळं एकत्र आलं की मला पहिला संशय येतो तो जस्ताचा. हिच्या अंगात जस्त कमी पडलंय."

"जस्त?" मी म्हणालो. "बादलीचं?"

"तेच. ज्याचा मुलामा बादलीला देतात तेच. माणसाला ते अगदी चिमूटभर लागतं, चिमटीपेक्षाही कमी. पण ते नसलं की कातडी भरत नाही, वजन वाढत नाही, भूक लागत नाही. आईच्या दुधात असं बरंच काय काय असतं. जस्त, तांबं, लोह, सगळं कणाकणानं."

लंकाबाईनं लगेच इचारलं, "मंग जस्ताच्या बादलीत पाणी तापवून पाजू का?"

"अजिबात नाही मावशी," मॅडम हसली. "बादली बादलीच्या जागी राहू द्या. ह्याचं औषध मिळतं, थेंबांचं. पोरीचं रक्त तपासू, हर्षालीचं रक्त आणि दूध पण तपासायला पाठवू. रिपोर्टला दिवस लागतील, पण थेंब आजपासून सुरू. आणि गाईचं दूध बंद. वर्षाच्या आत ते नको."

हर्षाली म्हणाली, "मॅडम, मग मी पाजू?"

मॅडमनं माझ्याकडं बगितलं. मॅडमनं बगायची गरज नव्हती, पण तिनं बगितलं. मी म्हणालो, "पाज बाई. पाज."

"आत्ता पाज," मॅडम म्हणाली. "तिथं पडद्यामागं."

आम्ही गडीमाणसं बाहेर आलो. पडद्यामागनं आधी नुस्ती किरकिर. चार दिवसांत दूध आटलं व्हतं, आन पोरगी धरायचं इसरली व्हती. लंकाबाईचा आवाज, "अशी धर, डोकं वर." मंग नर्सबाईचा आवाज. मंग बराच येळ कायच नाय. मंग बारीक आवाज आला, लेकरू घटाघटा गिळतं ना, तसला. गोटीराम म्हणाला, "चल, तंबाखू खाऊ." मी म्हणालो, "गप उभा रहा जरा."

थेंब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ठमीची किरकिर थांबली, आन घर एवढं शांत झालं की लंकाबाई दोनदा उठून तिच्या नाकाशी हात लावून बगून आली. आठ दिवसांत तोंडाभोवतीच्या खपल्या गळाल्या, खालनं नवी गुलाबी कातडी. हर्षालीचं दूधबी परत वाढलं, दर घटकंला पोरीला लावून लावून.

मंग रिपोर्ट आले. आम्ही सगळेच गेलो, योगेशनंबी सुट्टी टाकली. मॅडम म्हणाली, पोरीच्या रक्तात जस्त कमी हाय. आईच्या रक्तात बरोबर हाय. आन आईच्या दुधात जेवढं पाहिजे त्याच्या पाव हिश्श्यालाबी नाय.

हर्षालीचं तोंड पांढरं पडलं. "म्हणजे आबा बोलले ते खरंच," ती म्हणाली. "माझंच दूध."

भाऊ, खरं सांगतो, लाज सोडून सांगतो. एक क्षण माझ्या मनाला बरं वाटलं. मी बोललो व्हतो दुधाचं, आन दुधातच निघालं की! लंकाबाईनंबी माझ्याकडं तसंच बगितलं, म्हंजे बगा, माणूस अगदीच चुकला नव्हता.

मॅडमनं खुर्ची वढली, हर्षालीच्या समोर बसली. "नीट ऐक. तुझ्या दुधात पोरीला लागणारं बाकी सगळं आहे. तेच दूध पिऊन ती दोन महिने गुटगुटीत झाली, कारण पोटातनं येताना तिनं जस्ताची शिदोरी आणली होती. ती संपली तेव्हा हे दिसायला लागलं. जस्त तुझ्या अंगात आहे, पण दुधात उतरत नाही. ती वाट तुझ्यात जन्मापासूनच अरुंद आहे. तू काय खाल्लंस, काय नाही खाल्लंस, त्याचा संबंध नाही. तू उद्या ढीगभर जस्ताच्या गोळ्या खाल्ल्यास तरी दुधात वाढणार नाही. म्हणून ते पोरीलाच द्यायचं, थेंबानं, ती नीट जेवायला लागेपर्यंत. आणि दूध चालूच ठेवायचं. पुढं दुसरं लेकरू झालं तर मला आधी सांगायचं, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवता येईल."

"डिंकाच्या लाडवानं नाय ना झालं?" लंकाबाईनं इचारलं.

"नाही मावशी. लाडू मला पण आणा."

लंकाबाईचा जीव भांड्यात पडला. हर्षालीचा नाय पडला. रिक्षात ती बाहेर बगत बसली, पोरीला छातीशी धरून. मला कळत व्हतं ती कशाची वाट बगती. गल्लीत रिक्षा वळली आन नवसाबाई दारातच.

"काय निघालं गं? आमी ऐकलं दुधात दोष हाय म्हणून!"

कुठनं ऐकलं इचारू नका. तिच्यामागं तीच बायांची रांग, तेच डोळे. हर्षाली उतरता उतरता थांबली. तिनं माझ्याकडं बगितलं नाय, ठमीच्या टोपीचं बंद नीट करत राहिली. झालेलं बंद पुन्हा सोडून पुन्हा बांधलं.

मी मोठ्यानं म्हणालो, बाजारात मापाडी वरडतो तेवढ्या मोठ्यानं, "दुधात दोष नाय नवसाबाई. एक चिमूट कमी व्हती, ती बाटलीतनं देतोय. दोष माझ्यात व्हता. मला नागीण नाय हे दिसत व्हतं आन मी खोटं बोललो. चार दिवस लेकराचं दूध मोरीत घालवलं ते मी. हे छापा, घरोघर वाटा."

नवसाबाई पदर सावरत दारातनं आत सरकली. योगेश माझ्याकडं असा बगत व्हता, जसं मी दुसऱ्याच कोणाचा बाप हाय. हर्षाली आत गेली. जरा येळानं आतनं म्हणाली, "आबा, ठमीला घेता का? मला जेवायचंय." बस. एवढंच. काव लावल्यापासनं तिनं ठमीला माझ्या हातात दिलं नव्हतं.

आता ठमी अशी पळती की लंकाबाईला धरवत नाय. तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. गोष्ट संपली, पण तरास सुरू झाला. नवसाबाईनं छापलं खरं, पण तिच्या पद्धतीनं. आता लोकं म्हणत्यात, वाल्मीकला दुधातलं कळतं! दिंडोरीकडनं मागल्या हप्त्यात एक सासू आली. सून मागं, तोंड पडलेलं, लेकरू कडंवर. म्हणती, "बगा हिचं दूध, लेकरू सारखं रडतंय." मी काय बगू? मी हमाल माणूस. लेकरू बरं दिसत व्हतं, पण बरं दिसतंय म्हणायचाबी माझा अधिकार नाय, हे मी शिकलोय. मी त्या सासूला चहा पाजला, आन सुनंला डॉक्टरणीचा पत्ता दिला. रोज किती जणींना पाजू चहा?

म्हणून तुम्हाला बसवलं भाऊ. योगेशनं ऑइलपेंटचा डबा आणलाय, बिरूश हाय, दार मी पुसून ठेवलंय. माझं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकरल्यावानी, आन हर्षाली म्हणती आबा तुमचं तुम्ही बगा. तुमचं अक्षर चांगलं म्हणत्यात, तर तुम्ही लिहून द्या. वरती लिहा, लहान लेकराला काव लावणार नाय, आधी डॉक्टर. आन त्याच्या खाली, जरा मोठं काढा, नवसाबाईला तिच्या दारातनं वाचता आलं पाहिजे एवढं: आईच्या दुधाला नाव ठेवायला कोणी इथं यायचं नाय. लिहा भाऊ, रंग सुकायच्या आत लिहा.